लेखनाच्या शब्दांची नातीगोती



गोदेच्या काठी बोलावयास उभे राहिले की प्रथम गोदेच्या घाटाकडेच लक्ष जाते. या घाटावर यात्रेकरू येतो, स्नान-श्राद्ध उरकतो आणि आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जातो. तेथे जुनी वही निघते. तीत आजोबांचे, पणजोबांचे नाव सापडते. त्याखाली नातू आपले नाव लिहितो आणि सही करतो. आज आम्हांला अशीच एक वही उघडावयाची आहे. मात्र ती माणसांची नव्हे, शब्दांची. लिहिण्याच्या व्यवहारात जे शब्द आपण रोज वापरतो, त्यांचे कूळ कोणते आणि त्यांचे भाऊबंद कोठे कोठे नांदतात, हा आजचा विषय आहे.

एक साधे वाक्य घेऊ. ‘मसुद्यातला मजकूर वाचा, रकमेचा हिशेब पाहा आणि मग सही करा.’ हे वाक्य मराठी नाही असे कोण म्हणेल? तरीही मसुदा, मजकूर, रक्कम, हिशेब आणि सही ही यातली पाचही नामे मूळची अरबी आहेत. वाचणे, पाहणे, करणे ही क्रियापदे आपली आणि विभक्तीचे प्रत्ययही आपले. दख्खनच्या सुलतानांच्या कचेऱ्यांत फारसी चाले. त्या फारसीच्या पालखीत बसून हे अरबी पाहुणे आले आणि येथलेच झाले.

अरबी ही ज्या कुटुंबातली भाषा, त्याला विद्वान सेमिटिक म्हणतात. बाबिलोनची अक्कडी, सीरियाकडची अरामी, यहुद्यांची हिब्रू आणि इथिओपियाची गीझ या तिच्या बहिणी होत. या कुटुंबाची एक खूण आहे. शब्दाचा अर्थ बहुधा तीन व्यंजनांत असतो आणि स्वर त्यांच्यामधून फिरतात. क-त-ब ही अशीच तीन व्यंजने घ्या. त्यांचा अर्थ लिहिणे. अरबीत ‘किताब’ म्हणजे पुस्तक, ‘कातिब’ म्हणजे लिहिणारा, ‘मक्तूब’ म्हणजे लिहिलेले आणि ‘मक्तब’ म्हणजे लिहिण्याची जागा. हिब्रूत ‘कातव’ म्हणजे त्याने लिहिले आणि ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र. खांब तेच, भिंती निराळ्या.

हे पाहावयाला जेरुसलेमला जाण्याचे कारण नाही. आपल्या कोकणात बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी, पण लग्नाचा करारनामा ‘केतुबा’ या हिब्रू नावाचा. केतुबा म्हणजे ‘लिहिलेली’. किताब आणि केतुबा या एका आईच्या मुली! या समाजासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. पुढे १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर शेजारी शेजारी मांडून निघाली.

आता आपल्या वाक्याकडे परत येऊ. ‘हिशेब’ हा ह-स-ब या धातूचा. हिब्रूत त्याचा भाऊ ‘हाशाव’, म्हणजे विचार करणे, आणि हिशेबाला तेथे ‘हेश्बोन’ म्हणतात. अरबीचा ‘स’ हिब्रूत पुष्कळ ठिकाणी ‘श’ होतो. सलाम आणि शालोम ही जोडी आपण ऐकलेलीच आहे. ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते. त्याच धातूचा हिब्रू भाऊ ‘झाखार’, म्हणजे आठवणे. ‘रक्कम’ ज्या धातूपासून आली त्याचा अर्थ अरबीत खूण करणे, लिहिणे आणि कापडावर नक्षी काढणे, तर हिब्रूत केवळ भरतकाम करणे. ‘मसुदा’ म्हणजे काळे केलेले. कच्च्या लेखाचा कागद खाडाखोडीने काळा होतो, हे ज्याने ज्याने अर्ज लिहिला आहे त्यास सांगावयास नको. आपली ‘शाई’ही फारसी ‘सियाह’ म्हणजे काळा यावरून आलेली. आणि ‘सही’ म्हणजे निरोगी, धड, निर्दोष. लेख धड आहे अशी ग्वाही म्हणजे सही.

पण भाऊबंद असले म्हणजे सगळ्यांच्या घरी एकच भांडे असते असे नाही. अक्कडी माणूस क-त-ब म्हणत नसे. मातीच्या ओल्या विटेवर कोरताना तो ‘शतारु’ म्हणे. त्याचाच अरबी भाऊ ‘सत्र’, म्हणजे ओळ. इथिओपियात लिहिण्याला ‘सहफ’ हा धातू आहे आणि त्यावरूनच आलेला ‘मुसहफ’ म्हणजे ग्रंथ हा शब्द अरबीने त्यांच्याकडून उचलला. सख्ख्या बहिणींनीही एकमेकींकडून उसने घेतले. म्हणून दोन नाती वेगळी ठेवावीत. हेश्बोन आणि हिशेब हे रक्ताचे नाते, तर हिशेब आणि मराठी हे शेजाराचे नाते. शेजारावरून कोणी कूळ ठरवू नये आणि कुळावरून कोणी शेजार मोडू नये.

येथे कोणी म्हणेल, हे उसने शब्द टाकून का देऊ नयेत? हा प्रश्न आजचा नाही. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला आणि त्यात ‘लेखनवर्ग’ असा स्वतंत्र भागच ठेवला. राज्याच्या कारभारात परक्या शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत, ही ती दृष्टी. त्यातले काही शब्द रुजले, काही कोशातच राहिले. महाराजांच्या राज्यात चिटणीस होते, सबनीस होते. या नावांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. आज ही आपली आडनावे आहेत आणि कोणी बदलावयास सांगितली तर आपण रागावू.

आणि शोधावयास निघालोच तर थांबावे कोठे? ‘लिपी’ हा शब्द पाणिनीला ठाऊक आहे. परंतु शाहबाजगढी येथील अशोकाच्या शिलालेखात त्याच जागी ‘दिपि’ असे कोरले आहे. इराणच्या दारयवहूच्या शिलालेखातही ‘दिपि’ आहे. तो शब्द मातीच्या विटेला ‘तुप्पु’ म्हणणाऱ्या अक्कडीकडून आला आणि अक्कडीने तो सुमेरी लोकांच्या ‘दुब’वरून घेतला, असे बहुतेक पंडितांचे मत आहे. म्हणजे परक्या शब्दांची यादी करावयास बसलो, तर ज्या लिपीत यादी करावयाची तिचेच नाव तीत पहिले लिहावे लागेल!

मग शब्द आपला कधी होतो? आमचे उत्तर या नाशिकातच आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचा तो आरंभ. गोवर्धनच्या विणकऱ्यांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण टक्का व्याज, ते भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व किरकोळ खर्चासाठी. हा व्यवहार निगमसभेत ‘श्रावित’ म्हणजे ऐकवला आणि मग फळ्यांवर ‘निबद्ध’ म्हणजे नोंदला, असे लेख सांगतो. आधी ऐकवणे, मग नोंदणे, हा क्रम ध्यानात ठेवावा.

हा क्रम मोडला की काय होते, तेही आपल्या मुलखाने पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकरी उठले आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. त्यांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांनी जाळले. त्या कागदांखाली कित्येकांनी सहीच्या जागी नांगराची निशाणी केलेली होती. मजकूर काय आणि हिशेब कसला, हे निशाणी करणाऱ्याला वाचता येत नव्हते. १८७९ च्या कायद्याने पुढे असे दस्तऐवज सरकारी निबंधकासमोर व्हावेत अशी व्यवस्था केली. सतराशे वर्षांपूर्वी निगमसभेत जे होत असे, ते कायद्याने पुन्हा सांगावे लागले.

त्या शेतकऱ्याला ‘रक्कम’ अरबी की संस्कृत याचे सोयरसुतक नव्हते. तो शब्द त्याच्या वतीने दुसऱ्यानेच वाचला, हे त्याचे दुःख होते. आमच्या मते शब्द परका असतो तो एवढ्याच अर्थाने. आज घाटावरून घरी गेल्यावर कोणी कागद पुढे केला आणि ‘येथे सही करा’ म्हटले, तर त्या शब्दाचा मूळ अर्थ आठवावा. लेख धड आहे, अशी ग्वाही आपण देत असतो. ती देण्यापूर्वी तो वाचावा, आणि शेजारच्याला वाचता येत नसेल तर त्याला तो वाचून दाखवावा.