सायकलचे मीटर : तारेचे की बिनतारी?



या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर आणि राज्यघटनेवर व्याख्याने होतात. तेथे आम्ही सायकलच्या मीटरवर बोलणार म्हणून कोणास हसू आले, तर आमची हरकत नाही. पण ज्या पन्नाशीच्या गृहस्थाला डॉक्टरांनी 'रोज दहा किलोमीटर सायकल चालवा' असे बजावले आहे, आणि ज्याने घरखर्चातून पैसे काढून मीटर विकत घेतले आहे, त्याला समोर दिसणारा आकडा खरा की खोटा, हा प्रश्न लहान वाटत नाही.

मुळात हे मीटर मोजते काय? अंतर नव्हे, वेगही नव्हे. ते फक्त चाकाचे फेरे मोजते. स्पोकला एक लहानसा लोहचुंबक बसविलेला असतो. फोर्कवरील डबीसमोरून तो गेला, की डबीतल्या काचेच्या नळीत दोन बारीक पाती क्षणभर एकमेकींना चिकटतात. झाला एक ठोका! ठोक्यांना चाकाच्या घेराने गुणले की अंतर मिळते. आपल्या जुन्या २८ इंची काळ्या सायकलीच्या चाकाचा घेर साधारण २.२४ मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४४६ फेरे.

आता हा ठोका फोर्कवरून हँडलवरच्या डब्यापर्यंत न्यायचा कसा, एवढाच काय तो दोन जातींमधला तंटा. एकीत तो तारेतून जातो, दुसरीत हवेतून.

दुकानदार अर्थातच बिनतारीची भलामण करतो. दिसायला ती सुबक, हे आम्हालाही मान्य आहे. पण बिनतारीतही दोन पोटजाती आहेत, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकास क्वचितच सांगितली जाते. स्वस्त जातीची डबी हातभर अंतरावर पोहोचेल एवढाच क्षीण संदेश सोडते, आणि त्या संदेशावर स्वतःची कोणतीही खूण नसते. हँडलवरचा डबा बिचारा भोळा. जो ठोका येईल तो आपलाच मानतो. शेजारून जाणाऱ्या मित्राच्या सायकलीचा ठोकाही तो आपल्या खाती जमा करतो. विजेच्या मोठ्या तारांखाली तर त्याचा पुरता गोंधळ उडतो. परळीकरांना हे निराळे सांगायला नको. येथे १९७१ साली औष्णिक विद्युत केंद्र सुरू झाले, आणि उच्चदाबाच्या तारा आपल्या परिसराच्या ओळखीच्या झाल्या. अशा तारांखाली सायकल नुसती उभी असतानाही वेग दिसू लागला, किंवा चालत्या सायकलीचा वेग एकाएकी शून्यावर आला, तर आपल्या पायांना दोष देऊ नये. घेण्यापूर्वी परिचिताचे मीटर मागून घेऊन अशा एखाद्या ठिकाणी उभे राहून पाहावे. परीक्षा फुकट होते.

दुसरी पोटजात सांकेतिक. तिच्या प्रत्येक संदेशावर स्वतःची खूण असते, म्हणून ती परक्या ठोक्यास दाद देत नाही. साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची ब्रेव्हे करणारे, घोळक्याने जाणारे, किंवा एकच डबा दोन सायकलींवर वापरणारे, यांनी हीच घ्यावी. मात्र किंमत अधिक, आणि सेल दोन ठिकाणी : एक हँडलवर, एक फोर्कवर.

तारेच्या मीटरला बहुधा एकच सेल पुरतो. त्याचा शत्रू म्हणजे ओढाताण. बाभळीच्या काटेरी फांदीत तार अडकते, सायकल टपावर बांधताना तुटते, हँडल पुरते वळविले की ताणली जाते. म्हणून ती ब्रेकच्या केबलीबरोबर गुंडाळून आणावी आणि हँडलपाशी थोडी सैल सोडावी. आकडा उमटेनासा झाला, तर आधी चुंबक सरकला का ते पाहावे, मग डब्याखालचे धातूचे टोक कोरड्या फडक्याने पुसावे, आणि शेवटी तार तपासावी. हे सारे घरच्या ओट्यावर बसून होते. रोज एकच सायकल एकट्याने चालविणाऱ्यास आम्ही म्हणूनच तारेचे मीटर सुचवितो.

उपग्रहावरून अंतर काढणारी यंत्रेही आता आहेत. रस्ता दाखवितात, चाकाला काही बांधावे लागत नाही. पण ती वरचेवर चार्ज करावी लागतात, आणि रोजच्या दहा किलोमीटरना एवढा सरंजाम कशाला?

कोणतीही जात घ्या, घेर मात्र स्वतः मोजून भरा. टायरवर खडूची खूण करावी, स्वारीवर बसून सायकल सरळ एक फेरा पुढे न्यावी आणि खुणेपासून खुणेपर्यंत टेपाने मोजावे. २.२४ च्या जागी २.१० भरले, तर अंबाजोगाईपर्यंतच्या सुमारे पंचवीस किलोमीटरांत दीड किलोमीटर कोठे गेले याचा पत्ता लागणार नाही. अन् घाट चढून घामाघूम झालेल्या माणसाचे दीड किलोमीटर चोरणे हे काही बरे नव्हे! चढावर आकडा खुशाल पाहावा. उताराला, समोरून उसाची ट्रॉली येत असता, पाहू नये.

वैजनाथाच्या पायऱ्यांपाशी सायकल लावाल तेव्हा हँडलवरचा डबा काढून खिशात घाला. बहुतेक मीटरांत तो सहज निघतो. तारेच्या जातीत मागे राहते ती नुसती तार आणि तिची डबी, ती नेऊन कोणी काय करणार? बिनतारीत मात्र फोर्कवरची डबी सेलसकट मागे राहते, तेव्हा ती दोन पट्ट्यांनी घट्ट आवळून ठेवा.