यंत्राशेजारचे चार तास



मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे रक्त शुद्ध करण्याचें काम यंत्राकडे सोंपवावें लागतें. डॉ. विलेम कोल्फ यांनीं १९४३ सालीं, जर्मनांच्या ताब्यांतील हॉलंडांत, असें यंत्र सिद्ध केलें. पुढें १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं हातांत कायम ठेवतां येणारी टेफ्लॉनची नळी योजिली, आणि डायलिसिस वर्षानुवर्षें चालविणें शक्य झालें. देहाची सोय झाली. पण मनाचें काय?

आठवड्यांतून दोन-तीन वेळां, दर खेपेस सुमारें चार तास, सुया टोंचून घेऊन एका जागीं पडून राहावयाचें. पाणी मोजून प्यावयाचें. केळें, नारळपाणी बहुधा वर्ज्य. त्यांत घरच्यांवर भार झालों ही टोंचणी सुईहूनहि तीक्ष्ण. मग एके दिवशीं "आज मी जात नाहीं" असे शब्द येतात. त्यास हट्ट म्हणूं नये. पुष्कळदां ती खिन्नतेची खूण असते, आणि खेप चुकविणें जिवावर बेतूं शकतें.

या खिन्नतेवर गोळ्यांवांचूनहि उपाय आहेत. २०१९ सालीं कॉक्रेन संस्थेनें ३३ प्रयोगांचा आढावा घेतला. विचारांस वळण लावणारी मानसोपचारपद्धति, व्यायाम, आणि शरीर सैल सोडून शांत होण्याचा अभ्यास यांनीं खिन्नता बहुधा कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. पहिल्या पद्धतींत 'मी आतां निरुपयोगी' हा विचार कागदावर उतरवून तो कितपत खरा आहे हें तपासावयाचें असतें, आणि रोज एक लहानसें काम हातीं घ्यावयाचें असतें. अमेरिकेंत हे पाठ यंत्र चालूं असतांनाच रोग्याशेजारीं बसून देऊन पाहिले आहेत. वायां जाणारे तासच शाळेचे तास झाले! तेथील २०१९ च्या एका प्रयोगांत बारा आठवड्यांनंतर औषधाचा गुण किंचित् अधिक दिसला, पण त्याचे त्रासहि अधिक दिसले. तेव्हां औषधाशीं वैर नको; निवड डॉक्टरांच्या सल्ल्यानें व्हावी.

घरच्यांनीं पाण्याच्या पेल्यावर पहारा ठेवण्यापूर्वीं "आज कसें वाटतें?" असें विचारावें व उत्तर पुरतें ऐकून घ्यावें. घरखर्चाचा हिशेब, नातवाचा अभ्यास, असें कांहीं काम रोग्याकडेच राहूं द्यावें. जगण्याचा वीट आल्याची भाषा कानीं आली, तर मात्र उपदेश करीत बसूं नये. त्याच दिवशीं मानसोपचारतज्ज्ञांस गांठावें. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनि-सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठींतहि मिळते.

पुढल्या खेपेस रोग्यास दाराशीं सोडून परत फिरूं नका. केंद्राची परवानगी असेल, तर चारांपैकीं एक तास त्याच्याजवळ बसा. इतकेंच माझें सांगणें.