तरोट्याची भाजी

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस लोटले, कीं आसेगांवच्या वाटांवर, पडीत जमिनींत आणि शेताच्या धुऱ्यांवर एक रोप दाटीनें उगवूं लागतें. १९९८ सालीं अकोल्यापासून निराळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यांतच काय, सबंध वऱ्हाडांत त्याला तरोटा म्हणतात. कोंकणांत तोच टाकळा. गजकर्णाच्या चक्राकार चट्ट्यांचें मर्दन करणारा, म्हणून संस्कृतांत तो ‘चक्रमर्द’ झाला.

जें पेरावें लागत नाहीं, त्याचें मोल सहसा कोणी करीत नाहीं. परंतु उन्हाळ्यांतील भाजी सरलेली आणि नवी अद्यापि यावयाची, अशा दिवसांत गरिबाच्या ताटांत हिरवें पान पडतें, तें ह्या तरोट्यामुळें. रोप वीतभर होण्याच्या आंतच त्याचे कोंवळे शेंडे खुडावे. सायंकाळीं त्याचीं पानें मिटतात, म्हणून सकाळची वेळ बरी. पानांस उग्र वास असतो. तीं उकडून, पाणी पिळून टाकून, लसूण, कांदा व हिरव्या मिरचीच्या फोडणींत भिजवलेल्या डाळीबरोबर परतलीं, म्हणजे ज्वारीच्या भाकरीशीं उत्तम लागतात. पुढें पिवळीं फुलें आलीं, कीं पान जून व कडवट होतें.

येथें एक सावधगिरी अवश्य हवी. कासविंदा हा तरोट्याचाच भाऊबंद. फूल तसेंच पिवळें. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागांत लहान मुलें ज्या गूढ आजारानें दगावत, त्याचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशीं आहे, असें वैद्यकीय संशोधकांनीं २००७ सालीं दाखवून दिलें. ओळख मात्र सोपी आहे. तरोट्याच्या पानास बहुधा तीन जोड्या, आणि प्रत्येक दल टोंकाशीं रुंद व गोलसर. कासविंद्याचीं दलें अधिक आणि टोंकाशीं निमुळतीं. संशय असेल तें पान टाकून द्यावें.

दुसरें भय नव्या काळाचें आहे. सोयाबीनच्या शेतांत आतां खुरप्याच्या जोडीला तणनाशकाचा फवारा आला, आणि शेतकऱ्याच्या लेखीं तरोटा हें तणच. औषध पडलेलें पान पहिल्या दिवशीं हिरवेंच दिसतें. पाहून तें ओळखतां येत नाहीं. म्हणून खुडण्यापूर्वीं, ‘येथें फवारणी झाली काय?’ एवढें शेतकऱ्यास विचारून घ्यावें. शेंडा खुडण्याचें शहाणपण आजीकडून नातीकडे जातें. त्यांत हा एक प्रश्न आतां जोडावयास हवा.