विचारून विचारून काढलेला नकाशा

श्रोतेहो, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असतो. वर उत्तर, खाली दक्षिण. पण विमान नव्हते, दुर्बीण नव्हती, त्या काळी माणसाने पृथ्वीचा नकाशा काढला तरी कसा? मध्ययुगात अरबी भाषेत लिहिणारे मोठे भूगोलपंडित होऊन गेले. त्यांचा मार्ग साधा होता. मोजता येईल तिथे मोजायचे. मोजता येत नसेल तिथे विचारायचे.

आधी मोजणीचे पाहू. बगदादला खलिफा अल्-मामून राज्य करीत होता, इ. स. ८१३ ते ८३३ ही त्याची कारकीर्द. पृथ्वीचा घेर ग्रीकांनी सांगून ठेवला होता. त्याची शहानिशा करायला मामूनने आपले पंडित सिंजारच्या सपाट माळावर धाडले. हा भाग आज उत्तर इराकमध्ये आहे. त्यांनी ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची घेतली आणि खुंट्या ठोकीत, दोर ताणीत ते नीट उत्तरेला चालू लागले. तारा एक अंश वर चढला तिथे थांबले. दुसरी तुकडी तशीच दक्षिणेला गेली. अंतर भरले सुमारे ५६ पूर्णांक दोन तृतीयांश अरबी मैल. त्याला ३६० ने गुणा, की पृथ्वीचा घेर हाती आला! खुंटी, दोर आणि तारा, एवढीच सामग्री, बरं का.

पण सगळी पृथ्वी काही दोराने मोजता येत नाही. तिथे विचारपूस हवी. बाराव्या शतकात सिसिली बेटावर रॉजर दुसरा हा ख्रिस्ती राजा होता. त्याने अल्-इद्रिसी या मुसलमान पंडिताला पालेर्मोच्या दरबारी ठेवून घेतले. पुढे सुमारे १५ वर्षे एकच उद्योग चालला. देशोदेशींच्या प्रवाशांना बोलवायचे, एकेकट्याला विचारायचे, मग एकत्र बसवून विचारायचे. ज्यावर सर्वांचे जुळले ते ठेवले, जुळले नाही ते टाकून दिले. अखेर चांदीच्या मोठ्या पत्र्यावर जग कोरले गेले. सोबतचा ग्रंथ ११५४ च्या जानेवारीत पुरा झाला, आणि पुढच्याच महिन्यात राजा वारला. चांदीचा पत्रा पुढे नाहीसा झाला. ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती मात्र राहिल्या. त्यांत ७० नकाशे आहेत आणि त्यांत दक्षिण वर आहे! आपल्याला ते उलटे वाटतात एवढेच.

आता गंमत पाहा. याच नकाशात सिसिली आणि भूमध्य समुद्राचा काठ चांगला उतरला आहे. आपला हिंदुस्थान मात्र ओळखूही येत नाही; द्वीपकल्पाचे टोक जवळजवळ नाहीच आणि श्रीलंका अवाढव्य. इद्रिसी इकडे कधी आला नव्हता. इकडची माहिती जुन्या ग्रंथांतली आणि ऐकीव. म्हणजे जिथे साक्षीदार भेटले तिथे नकाशा खरा, नाही तिथे चुकीचा.

उलट मसूदी हा बगदादचा पंडित ९१६ च्या सुमारास स्वतः आपल्या कोकणात चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. तिथे झंझ नावाचा राजा आहे, असे त्याने लिहून ठेवले. हा झंझ म्हणजे कोकणचा शिलाहार राजा. त्याचा काळ ठरवताना आपले इतिहासकार आजही या परदेशी पाहुण्याची साक्ष काढतात. डोळ्यांनी पाहिलेल्याचे मोल असे असते.

शिक्षकबंधूंनो, हे वर्गात करून पाहता येईल. मुलांना सांगा, शेजारच्या गावाची वाट, वाटेतला ओढा, चढ, विहीर यांची चौकशी तीन वडीलधाऱ्यांकडे वेगवेगळी करा. जुळेल तेवढेच कागदावर काढा. जुळणार नाही तिथे स्वतः चालत जा, पावले मोजा. मग भिंतीवरच्या नकाशातली प्रत्येक रेघ कुणाच्या तरी पायपिटीची आहे, हे मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.