सिस्टरची शिल्लक
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या पावसाळ्यात माझी अम्मी नऊ दिवस पनवेलमधल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये होती. रात्री तिच्याजवळ मी थांबायचो. वीस खाटांचा तो दवाखाना, आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. दोन वाजले की पेशंट जरा शांत होत. मग त्या टेबलावर डबा उघडत आणि मला म्हणत, "भाई, चहा घ्या, तुम्हीही जागेच आहात." चौथ्या रात्री त्यांनी विचारलं, "तुम्ही लिहिता ना काहीतरी? मग माझा एक फॉर्म भरून द्या."

मी कविता लिहिणारा माणूस. बी. ए. झालो तेव्हापासून आकड्यांशी माझं फारसं बोलणं नाही. पण फॉर्म भरायचा म्हणून कागद बघत गेलो आणि तेवीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब माझ्यासमोर उलगडत गेला. त्यांच्या परवानगीनेच तो इथं सांगतो आहे. नाव सांगणार नाही. श्रोत्यांपैकी ज्या कुणी या पेशात असतील, त्यांना नावाची गरजही वाटणार नाही.

सिस्टर २००३ मध्ये नोकरीला लागल्या. आता वय सेहेचाळीस. एवढ्या वर्षांत पाच दवाखाने झाले. पहिल्या मोठ्या ठिकाणी प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा. चार वर्षांनी ती नोकरी सोडली, फंड काढला आणि धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगची फी भरली. दुसऱ्या ठिकाणी सहा वर्षं झाली, तिथला फंडही काढला, तो करंजाड्याच्या फ्लॅटच्या बुकिंगला गेला. तिसऱ्या ठिकाणचा फंड नवऱ्याची रिक्षा बंद पडली तेव्हा, म्हणजे कोविडच्या साली संपला. बाकीचे दोन दवाखाने इतके लहान की वीस माणसं भरत नाहीत, म्हणून फंडाचा कायदा तिथपर्यंत पोचलाच नाही.

आता या फंडाची एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. आपल्या पगारातून बारा टक्के कापतात, मालकही तेवढेच भरतो. पण मालकाच्या बारातले ८.३३ टक्के १९९५ साली सुरू झालेल्या पेन्शन योजनेत जातात. तिथं रकमेपेक्षा वर्षांना महत्त्व आहे. एकूण दहा वर्षं भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शन. नोकरी बदलताना ही वर्षं पुढे नेता येतात, मधे खंड पडला तर त्यांचं प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं. पण फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे उचलले, की ती वर्षं पुसली गेली. सिस्टरांची चार आणि सहा मिळून दहा वर्षं पुरी झालेली होती. दोन वेळा पैसे उचलून त्यांनी ती पुसली. ऑफिसातल्या क्लार्कने फॉर्म पुढे केला, त्यांनी सही केली. वॉर्डात डॉक्टरांच्या सहीशिवाय एक गोळीही न देणारी बाई, पण इथे मात्र कागद न वाचता सही.

ती वर्षं राहिली असती तर फार मोठं घबाड हाती आलं असतं असंही नाही. २०१४ च्या सप्टेंबरात या योजनेसाठी पगाराची कमाल मर्यादा पंधरा हजार ठरली. वीस वर्षं पुरी केली तर वरती दोन वर्षांची सवलत मिळते. पंधरा हजार गुणिले बावीस, भागिले सत्तर, म्हणजे महिना चार हजार सातशेच्या आसपास. एवढ्यात पनवेलमध्ये एक खोलीही भाड्याने मिळत नाही. पण शून्यापेक्षा चार हजार सातशे निराळे. विशेषतः ते स्वतःच्या खात्यावर येत असतील तर.

ग्रॅच्युइटीचं विचारलं तर त्या हसल्या. "ती सरकारी लोकांना असते ना?" तसं नाही. दहा माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाच वर्षं पुरी झाली की ती लागू होते. त्यांची सहा झाली होती, मूळ पगार नऊ हजार होता. त्याला सव्वीसने भागायचं, पंधराने गुणायचं, मग सहाने. एकतीस हजार रुपये. त्यांनी मागितले नाहीत आणि त्या ठिकाणच्या मालकांनी आपणहून दिले नाहीत. निरोपाला पुष्पगुच्छ मात्र दिला होता.

त्यांच्याच बॅचच्या दोघी सरकारी रुग्णालयात लागल्या. एक १ नोव्हेंबर २००५ च्या आधी, दुसरी नंतर. पहिलीला जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. दुसरीला पगारातून दहा टक्के कापून बाजारावर सोडलेली योजना. एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, त्याच सलाइनच्या बाटल्या बदलणाऱ्या दोघी. मार्च २०२३ मध्ये १४ ते २० तारखेपर्यंत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, त्यांत परिचारिकाही होत्या. तेव्हा 'पेशंटला सोडून या बाया रस्त्यावर कशा?' असं आमच्या आळीतही लोक म्हणाले. मीही म्हटलं असेल. पुढे २०२४ मध्ये राज्याने सुधारित योजना जाहीर केली, तेव्हा त्या आरड्याओरड्याला काही अर्थ होता हे कळलं. पण खाजगी दवाखान्यातली सिस्टर संपावर कुठे जाणार? एकच तर असते ती रात्रपाळीला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला वीस हजारांहून कमी पगार नसावा अशी शिफारस केली. आमच्या सिस्टरांना आज एकोणीस मिळतात.

पैसे राहत नाहीत म्हणजे या बाया उधळ्या असतात, असं कुणाला वाटेल. मी तर इतकं काटकसरी माणूस पाहिलं नाही. भिशी होती, पतपेढीची रोजची पन्नास रुपयांची पिग्मी होती, एक विम्याची पॉलिसीही होती. पॉलिसीवर वारस म्हणून आईचं नाव, आणि आई जाऊन अकरा वर्षं झालेली. फ्लॅटचे हप्ते त्यांच्या पगारातून गेले, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. नवरा वाईट नाही, रोज सकाळी रिक्षाने न्यायला येतो. बुकिंगच्या दिवशी यांची ड्युटी होती, एवढंच कारण.

इथं मला अम्मीची आठवण काढावीच लागेल. आमच्यात निकाहाच्या वेळी मेहर ठरते. ती बाईची, फक्त तिची. नवऱ्याचा किंवा बापाचा तिच्यावर हक्क नाही. पण कितीतरी घरांत ती पहिल्याच रात्री 'माफ' करवून घेतात, आणि नवी नवरी मान हलवते. अम्मीने हलवली नाही. तिच्या मेहरच्या दोन बांगड्या अजून तिच्या पेटीत आहेत, दवाखान्याच्या बिलालाही तिने त्या काढू दिल्या नाहीत. तेव्हा मला राग आला होता. सिस्टरांचे कागद पाहिल्यावर तो गेला. मेहर म्हणा, स्त्रीधन म्हणा, कायद्याने आणि धर्माने बाईच्या नावावर ठेवलेलं बाईच मान हलवून सोडून देते, आणि घरात कुणाला त्यात काही गैर वाटत नाही.

पनवेलमध्ये पैसा ठेवायचा कुठे, हाही प्रश्नच आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला, ते इथले लोक विसरलेले नाहीत. ठेवींवरचा विमा फेब्रुवारी २०२० मध्येच एक लाखाचा पाच लाख झाला होता म्हणून बहुसंख्य ठेवीदार वाचले. पतपेढीच्या ठेवीला मात्र तो विमा नसतो, हे सिस्टरांना माझ्याकडून कळलं आणि मला त्याच आठवड्यात एका बँकवाल्या मित्राकडून. दुसरीकडे 'विमानतळापासून दहा मिनिटांवर' अशा पाट्या. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, पण त्याच्या नावाने प्लॉट त्याआधी वर्षानुवर्षं विकले जात होते. त्यांच्या एका मैत्रिणीने गुंठा घेतला, तो कुठे आहे हे तिला अजून नीट दाखवता येत नाही.

दर १२ मे ला परिचारिका दिन होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार घालतात. त्या थोर बाईंना वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड बांधून दिले होते, म्हातारपणाची चिंता त्यांना नव्हती. त्यांच्या मागून आलेल्यांना होती, म्हणून १८८७ मध्येच लंडनला परिचारिकांसाठी खास पेन्शन फंड निघाला. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजल्या, आणि कोविडच्या सेवेत मृत्यू आला तर पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला. त्यावर सिस्टर जे म्हणाल्या ते लिहून घेतलंय मी. "मेले असते तर पन्नास लाख होते, भाई. जगले, त्याचं काय?"

अटल पेन्शन २०१५ मध्ये आली तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. महिन्याला नऊशेच्या आसपास भरले असते तर साठाव्या वर्षापासून पाच हजार लागले असते. आता चाळिशी उलटली, ते दार बंद. कंबर आताच धरते. माणसं उचलून उचलून मणके झिजतात. साठीपर्यंत नाइट मारता येईल याची खात्री त्यांना स्वतःलाच नाही.

त्यांनी मला भरायला दिलेला फॉर्म पोस्टातल्या पीपीएफचा होता. पंधरा वर्षांचं खातं, म्हणजे एकसष्टीला हाती येईल. महिना हजार भरायचे ठरवले आहेत. वारसाच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. तेवढ्यात सात नंबरच्या पेशंटची बेल वाजली आणि त्या उठून गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मुलीचं लिहा."

अम्मी आता घरी आहे. परवा सिस्टरांचा फोन आला होता. नाइट संपवून त्या तशाच पोस्टात गेल्या होत्या. आधार कार्डावर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, म्हणून परत पाठवलं. आता नाव दुरुस्त करायला सोमवारी जायचं आहे, त्या दिवशी त्यांना सुट्टी आहे.