कार्ल्याच्या खांबावरचे यवन



कार्ल्याच्या लेण्यात आम्ही सहल नेली की मुलं हमखास विचारतात, "खांबावर काय लिहिलंय?" तिथे दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत धेनुकाकट गावचे यवनही आहेत. एकाचे नाव सिहधय, दुसऱ्याचे तर चक्क धम्म!

यवन म्हटले की आपल्याला बखरीतले मुसलमान आठवतात. तो अर्थ फार नंतरचा. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रांत होता. त्यावरून इराणी लोक सगळ्याच ग्रीकांना 'यौन' म्हणू लागले. पालीत त्याचे झाले 'योन', संस्कृतात 'यवन'. अशोकाच्या शिलालेखात अंतियोक हा योन राजा आहे.

पण आम्हाला मोलाचे वाटते ते मज्झिम निकायातले अस्सलायन सुत्त. वर्णाचा गर्व मिरवणाऱ्या ब्राह्मण तरुणाला तथागत विचारतात, योन-कंबोजांत मालक आणि दास असे दोनच वर्ण असतात, मालकाचा दास होतो, दासाचा मालक होतो, हे ऐकलेस ना? ऐकले होते त्याने! मग वर्ण जन्माने कायमचा कसा?

आणि आपल्या जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दान काय दिले? पाण्याची दोन टाकी.