वादळ आणि पोटातले मूल
(महिला कामगार मेळाव्यातील भाषण)



वादळ आले की आम्ही रेल्वेवाले नुकसान मोजतो. किती रूळ उखडले, किती खांब पडले, किती गाड्या रद्द झाल्या. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओरिसात पारादीपजवळ महाचक्रीवादळ आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 260 किलोमीटर होता. सुमारे 10 हजार माणसे गेली. त्या वेळी आईच्या पोटात असलेली मुले मात्र आमच्या हिशेबात आली नाहीत.

हा हिशेब कॅनडात मांडला गेला. जानेवारी 1998 मध्ये क्वेबेक प्रांतात बर्फाचे वादळ झाले. विजेच्या तारा तुटून सुमारे 30 लाख लोक अंधारात गेले. काही घरांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रियांच्या मुलांकडे डॉ. सुझान किंग आणि सहकाऱ्यांनी पुढे अनेक वर्षे लक्ष ठेवले. ज्या आयांचे हाल जास्त झाले, त्यांची मुले दोन वर्षांच्या वयात बुद्धी आणि भाषा यांत सरासरीने मागे दिसली. साडेपाचव्या वर्षीही हा फरक उरला होता. प्रत्येक मूल मागे पडले असे नव्हे. पण हाल वाढले तसा धोका वाढला.

तो श्रीमंत देश. आपल्याकडे वादळानंतर विहिरीत खारे पाणी शिरते, चूल पेटत नाही, लोहाच्या गोळ्या आणि तपासणी थांबते, मजुरी बुडते. वारा आम्ही थांबवू शकत नाही. हाल कमी करू शकतो. ऑक्टोबर 2024 मध्ये 'दाना' वादळापूर्वी ओडिशा सरकारने चार हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांना आरोग्य केंद्रांत हलवले. म्हणजे हे करता येते.

आता आमची चूकही कबूल करतो. आमच्या शाखांच्या यादीत कायम कामगारांची कुटुंबे आहेत. रुळालगत पालात राहणाऱ्या कंत्राटी कामगार भगिनी नाहीत. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 26 आठवड्यांची झाली, पण त्यांच्यापैकी कितीजणींच्या पदरात ती पडते?

म्हणून आमचे म्हणणे असे: प्रत्येक शाखेने कायम-कंत्राटी भेद न करता गरोदर भगिनींची यादी ठेवावी. वादळाचा इशारा मिळताच त्यांना आधी हलवावे. नंतरच्या दिवसांत पाणी, आहार, तपासणी आणि बुडालेली मजुरी यांची जबाबदारी प्रशासनाने आणि ठेकेदाराने घ्यावी. रूळ आठवड्यात दुरुस्त होतो, मुलाची वाढ खुंटली तर ती तशी दुरुस्त होत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!